चारदाती

१० नोव्हेंबर

ही डायरी कमलेशने आणून दिली. सिविक सेंटरमधून, वर सोनेरी अक्षरांत 'शुभ विचार' छापलेली. म्हणाला, "डॉक्टर म्हणाले ना, बीपी वाढलाय, राग मनात ठेवू नका. तू तर ठेवतच नाहीस, आमच्यावर काढतेस. थोडा याच्यात काढत जा." एवढं बोलून नवरा सेकंड शिफ्टला स्टील प्लांटमध्ये निघून गेला. बायकोच्या रागाची सोय लावली आणि स्वतः सुटला. तर पहिला राग त्याच्यावरच.

दुसरा राग बाबांवर आहे आणि तो मोठा आहे. बाबांनी घोडी आणली.

खरीखुरी घोडी. बाबांच्या रुआबांध्याच्या घरामागे आईने मिरच्या लावल्या होत्या, तिथे आता खुंटा ठोकलाय. आई असती तर तिने खुंट्यासकट दोघांना रस्त्यावर काढलं असतं. खुर्सीपारच्या दयारामकडे लग्नाच्या घोड्या आहेत. त्याची ही एक पोर घोडी बँड वाजला की बुजते, वरातीच्या कामाची नाही, म्हणून त्याने ती बाबांच्या गळ्यात मारली. आणि बाबा खूश! सगळी नोकरी रेल मिलमध्ये झाली, पण डोक्यातून लाखनीकडचं गाव काही निघालं नाही. तिथे आमच्या आज्याकडे पटाचे बैल होते. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. आमच्या भंडाऱ्याकडची माणसं त्यापायी घरचं लग्नसुद्धा पुढे ढकलतील. इथे बैलजोडी ठेवायला जागा कुठली? मग घोडी. माघात शिवनाथ नदीच्या काठी पौर्णिमेचा पुन्नी मेळा भरतो, तिथे घोड्यांची दौड होते. त्यात हिला पळवायचं ठरलंय.

मी म्हटलं, "बाबा, हे तर लहान दिसून राहिली."

"लहान? हे पाह्य." बाबांनी तिचे ओठ वरखाली फाकवले आणि बोटाने मोजून दाखवलं. "एक, दोन. अन् हे तीन, चार. पक्के दात. चारदाती हाय. चारदाती गोऱ्हा पटाले तयार अस्ते. अन् उंची पाह्य तिची. अंगानं कशी भरली हाय!"

"बैल अन् घोडी एकच हाय का?"

"जनावर ते जनावर. तुले का समजते वं त्याच्यातलं?"

मला काय समजतं! बी.पी.एड. केलेली, शाळेत पोरांना पळवण्याचाच पगार घेणारी मी, मला काय समजणार.

नाव ठेवलंय चिमणी. घरामागून प्लांटच्या चिमण्या दिसतात म्हणून, का तिथे खऱ्या चिमण्या येत नाहीत म्हणून, ते बाबांनाच ठाऊक. आमची दामिनी तर वेडीच झाली. सातवीतली पोरगी, एरवी आबांकडे, म्हणजे बाबांकडे, जायचं म्हटलं की तिला होमवर्क आठवतो. आज घोडीच्या मानेला मिठी मारून उभी राहिली, निघायला तयार नव्हती.

१८ नोव्हेंबर

बाबा चिमणीला पटाच्या बैलासारखं ठेवून राहिलेत. दिवसभर बांधलेली. भिजवलेले चणे, उडदाचं पीठ, अंडी, अंगाला तेलाची मालिश. आणि रविवारी एकदम बाहेर काढून जीव तोडून पळवायचं. वर बसायला दयारामचा गुड्डू, जो वरातीत घोडीचा लगाम धरून चालतो.

काल मी मुद्दाम बघायला गेले. रुआबांध्याच्या पलीकडच्या मोकळ्या मुरमाड जागेवर गुड्डूने तिला सोडलं. पळते मात्र छान, ते कबूल करते. अंगावर काटा आला. पण पळून आली तेव्हा बाबा तिच्या नाकपुड्या बघत होते. "पाह्य, धाप बी नाही लागली. दम हाय पोरीत."

डोक्यात तिडीक गेली. मी तिथेच उभी राहून सगळं सांगितलं. पळायला लागलं की दम आधी येतो. मांस त्याच्या मागून तयार होतं. हाड सगळ्यात शेवटी. दम आला म्हणजे हाड तयार झालं असं नाही. हाडाला रोज थोडा थोडा भार द्यावा लागतो, मग आराम द्यावा लागतो, मग थोडा जास्त भार. आठवडाभर खुंट्याला उभं ठेवून रविवारी मुरमावर पळवलं तर ते तडकेल नाही तर काय होईल? त्यातून वाढतं वय. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

बाबा म्हणाले, "माणसाचं शिकवत असतील."

गुड्डू हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो घोडीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

२२ नोव्हेंबर

आज एक चांगली गोष्ट. दामिनी पळण्यात सुधारतेय. सकाळी सेक्टरच्या रस्त्यावर आम्ही दोघी पळलो. शेवटच्या चढावर मी मागे राहिले आणि ती पुढे निघून गेली. मी, जिने कॉलेजला मेडल घेतलं! तिला धाप म्हणून लागली नाही. उद्यापासून अंतर वाढवते.

प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं होतं. शालेय धावण्याच्या स्पर्धेला चौदाखालच्या गटात आमच्या दोन मुली आहेत, सतराखालच्या गटात लांब पल्ल्याला कोणीच नाही. "आपकी बेटी को वहाँ डाल दें? हाइट तो अच्छी है." मी लगेच हो म्हटलं. उंचीने ती नववीतलीच वाटते. मोठ्या मुलींशी भिडली तरच तयार होईल.

घरी कमलेशला सांगितलं तर म्हणे, "बारा वर्षांची आहे गं ती." यांचं हे असंच. रोलिंगची पाळी करून आलेला माणूस, जगात काय चाललंय याचा पत्ता नाही आणि मत द्यायला पुढे.

१ डिसेंबर

दोन रविवार झाले, बाबांनी थांबवलेलं नाही. फोन केला की "हो, हो" म्हणतात आणि रविवारी पुन्हा गुड्डू हजर.

दामिनीचे नखरे सुरू. "मम्मी, सामनेवाली हड्डी दुखते." कुठे दुखतं विचारलं तर गुडघ्याच्या खाली हात फिरवते. मी म्हटलं, पहिला आठवडा सगळ्यांचंच दुखतं, अंग मोडलं की सवय होते. मग म्हणे, "पहला हफ्ता तो कबका हो गया." तोंड चालवायला मात्र कधी दुखत नाही. रात्री दोनदा मोबाइल काढून घेतला. झोप नाही, खाणं नाही, मग दुखणारच.

९ डिसेंबर

झालं. जे व्हायचं तेच झालं.

बाबांचा फोन आला, आवाज खाली गेलेला. "रेणू, चिमनी पाय बराबर टाकून नाही राहिली." शाळेतून तशीच निघाले. घोडी उभी होती, पण कधी या पायावर, कधी त्या पायावर. बाबा म्हणत होते खुर झिजला असेल, नाल बदलून पाहू. मी खाली बसून पुढच्या पायाच्या नळीवर, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडावर, हात फिरवला. गरम. समोरच्या बाजूला बोटाला टेंगूळ लागलं. थोडं दाबलं तर तिने पाय ओढून घेतला आणि कान मागे टाकले. बिचारी चावलीसुद्धा नाही.

दुर्गवरून डॉक्टर उत्कर्षा आल्या. जनावरांच्या डॉक्टर, मूळच्या गोंदियाच्या, घोड्यांचंही बघतात. त्यांनीही तिथेच हात लावला. मग तोंड उघडून बघितलं आणि विचारलं, "काका, वय किती सांगितलं तुमाले?"

"चारदाती हाय," बाबा म्हणाले. "तीनाच्या वर."

"मोजले कसे?"

बाबांनी दाखवलं. वरचे दोन, खालचे दोन.

डॉक्टर हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "काका, बैलाले वरचे दात नसतात. पुढचे खालचेच. म्हणून तुमी त्याच्या तोंडात जे दिसते ते सगळे मोजता. घोड्याले वर बी असतात अन् खाली बी. फक्त खालचेच मोजायचे. हे दोन दाती हाय. अडीच वर्षांची. बाजूचे सगळे दुधाचे हायत, पाहा."

बाबा वाकून बघत राहिले. जन्मभर बैलांची तोंडं उघडली आणि वरच्या हिरडीकडे कधी बघायची वेळच आली नाही, कारण तिथे काही नसतंच.

डॉक्टर म्हणाल्या, अजून मोडलेलं नाही, पण अशीच पळवली असती तर एखाद्या रविवारी हाड तडकलं असतं. आता पळवणं बंद. नळ्यांना थंड पाणी, बर्फ. सूज उतरली की हातात धरून नुसतं चालवायचं, मोकळं सोडायचं, खुंट्याला बांधून ठेवायचं नाही. मग कित्येक महिने हळूहळू दुडकी, पुढे जमलं तर अगदी थोडं अंतर जोरात, तेही मऊ जमिनीवर, आणि दर वेळी हात लावून बघायचं. "यंदाचा मेळा विसरा."

बाबा बोलले, "एकच दौड पळू देऊ का, मॅडम? मंग सहा महिने आराम. पक्का."

आणि माझा तोल गेला. बाबांच्या त्या 'एकच'ने गेला. दयाराम होता, गुड्डू होता, शेजारच्या दोन बायका भिंतीवरून बघत होत्या. मी ओरडले. "दुधाचे दात हायत तिच्या तोंडात अजून! तुमाले लाज नाही वाटत? तुमच्या हौसेपायी त्या मुक्या जनावराचा पाय मोडता? तिले बोलता येत नाही म्हणून?" आणखी बरंच काही. आज्यापासून सगळ्यांचं काढलं.

बाबा हात मागे बांधून उभे राहिले, जसे फोरमनसमोर राहत असतील. मी जे बोलले त्यातलं एक अक्षर मी मागे घेणार नाही.

१५ डिसेंबर

आता सगळं माझ्या हातात घेतलंय. सकाळी शाळेआधी रुआबांध्याला जाते. चिमणीच्या चारही नळ्यांवर हात फिरवते, सूज किती, गरम किती, दाबल्यावर काय करते. डोळे मिटून केलं तरी कळायला लागलंय. मग बाबा तिला चालवतात, मी सांगेन तेवढंच. बाबा हू की चू करत नाहीत. मेळेवाल्यांचा फोन आला होता, बाबा त्यांना म्हणाले, "घोडी लहान हाय, यंदा नाही येत." आणि फोन ठेवून बराच वेळ चष्मा पुसत बसले.

एक गंमत सांगते. बाबा आता दिसेल त्या घोड्याच्या तोंडात बघतात. परवा दयारामकडच्या सगळ्या घोड्यांची तोंडं उघडून झाली. वरचे झाकायचे आणि खालचे मोजायचे. दयाराम म्हणाला, काका, बस करा, वरातीची घोडी आहे, चावेल. मला हसू आलं, पण मी दाखवलं नाही. अजून राग आहे.

२२ डिसेंबर

आज दामिनीला चांगलंच झापलं.

चिमणीसाठी मोठ्या टबात पाणी आणि बर्फ टाकून ठेवतो, पुढचे दोन्ही पाय त्यात उभे करतो. डेअरीवाल्याकडून बर्फ आणावा लागतो, फुकट येत नाही. मी आत चहा ठेवून बाहेर आले तर आमची राजकन्या त्याच टबात! सलवार गुडघ्यावर ओढलेली, चिमणीच्या पायांशेजारी आपले पाय बुडवलेले, डोकं तिच्या खांद्याला टेकलेलं, डोळे मिटलेले. मी म्हटलं, हा काय खेळ आहे? औषधाचं पाणी आहे ते. सर्दी झाली म्हणजे? पुढच्या आठवड्यात संभागाची, म्हणजे विभागाची, स्पर्धा आहे!

"अच्छा लगता है, मम्मी," ती म्हणाली.

अच्छा लगता है! मी ओढून बाहेर काढली. लाड करून ठेवलेत आबांनी. बाबा टॉवेल घेऊन तिचे पाय पुसायला लागले आणि बराच वेळ पुसत राहिले.

३० डिसेंबर

संभागात दामिनी दुसरी आली!! सतराखालच्या गटात! मोठ्या मोठ्या पोरी, आणि त्यांच्यात ही. शेवटच्या फेरीत तिचं तोंड असं आवळलेलं होतं की मला वाटलं आता सोडते, पण नाही सोडलं. माझं रक्त आहे. आता रायपूरला राज्यस्तर, जानेवारीच्या शेवटी.

प्रिन्सिपल मॅडमनी सगळ्या स्टाफसमोर माझं नाव घेतलं. त्या अकौंटंटने, जो दर वर्षी माझं खेळाचं सामान कापतो, हात जोडले. तोंड बघण्यासारखं झालं होतं.

दामिनी घरी आल्याबरोबर झोपली. कमलेश तिच्या पायाला तेल लावत बसला होता.

१२ जानेवारी

चिमणीची सूज उतरली. टेंगूळ अजून हाताला लागतं, पण दाबल्यावर ती पाय ओढत नाही. डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर थांबवलंत. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण परत निघताना बिनसलं. दामिनी अंगणात चिमणीला गाजर देत होती. बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "रेणू, रागावू नको. पोरीची नळी गरम लागते. मी काल तेल लावत होतो. समोरच्या अंगाले."

मी म्हटलं, "बाबा, तुमी घोडीचं पाहा."

"मी म्हणून राहिलो फक्त."

"तुमाले दातही मोजता आले नाहीत, अन् आता माणसाच्या पायाचं मले सांगता? मी रोज शंभर पोरांचे पाय पाहते. वाढत्या वयात दुखते. रायपूर झालं की बसंल आरामात."

बाबा म्हणाले, "बरं." आणि घोडीला पाणी पाजायला गेले.

त्यांना मला एकदा तरी चुकीचं ठरवायचंय, बाकी काही नाही. त्या दिवशीचं मनात धरून बसलेत. धरलं तर धरा.

१९ जानेवारी

दामिनी आज पळायला उठलीच नाही. पांघरूण घट्ट धरून पडून राहिली. म्हणाली, "मम्मी, एक दिन चिमणीला चालवायला जाते ना तुझ्यासोबत." मी म्हटलं, राज्यस्तर चार पावलांवर आलाय आणि तुला फिरायला जायचंय? मी इतकी ओरडले की वरच्या क्वार्टरमधल्या भाभी दारात आल्या. मग उठली. पळताना सुरुवातीला पाय थोडे आखडून टाकत होती, मग लागली लयीला. बघितलंस? अंग गरम झालं की सगळं दुखणं पळतं.

चिमणीला मात्र मऊ जमिनीसाठी बाबांनी नाल्याकडची वाळू टाकून घेतली अंगणभर. नुसतं चालायला. तिचे किती लाड!

२८ जानेवारी



सकाळी रायपूरला निघालो. गाडी कमलेशने काढली होती. दामिनी म्हणाली, आबांच्या पाया पडून जाऊ. रुआबांध्याला थांबलो. संक्रांतीची तिळाची चिक्की बाबांनी डब्यात ठेवली होती, तिला दिली. तिने कडकन चावली आणि ओरडली. तोंडात बोट घातलं आणि हसायला लागली. ओठाला रक्त, आणि बोटांत दाढ. किती दिवस हलत होती म्हणे. मला माहीतच नव्हतं.

बाबांनी हात पुढे केला. तिने ती दाढ त्यांच्या तळहातावर ठेवली. बाबांनी चष्मा लावला, दाढ फिरवून फिरवून बघितली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दुधाची हाय."

आवाजात काही नव्हतं. टोमणा नव्हता. असता तर मी लगेच उत्तर दिलं असतं.

मी म्हटलं, "या वयात पडतात शेवटच्या. चला, उशीर होतो."

दामिनी ओट्यावरून खाली उतरली आणि गाडीकडे निघाली. मी मागून बघत होते. ती पाय आखडता टाकत होती. कधी या पायावरून लवकर उतरायची, कधी त्या. हे चालणं मी रोज सकाळी बघत आले होते. चार पायांवर. त्याचं काय करायचं तेही मला पाठ होतं.

आणि तरीही माझ्या तोंडून काय निघालं? "एकच रेस आहे, बेटा. मग महिनाभर आराम. पक्का."

बाबांनी मान खाली घातली. कमलेशने गाडीचं दार उघडलेलं तसंच धरून ठेवलं.

मी गेले आणि तिच्यासमोर मातीत बसले. ट्रॅक पँट वर केली. रोज सकाळी फिरवते तसाच हात फिरवला, गुडघ्यापासून खाली. गरम. मधोमध, समोरच्या बाजूला, बोटाला उंचवटा. थोडंसं दाबलं. तिने पाय ओढून घेतला आणि माझ्या खांद्यावर दोन्ही हात ठेवले, पडू नये म्हणून. दुसऱ्या पायालाही तसंच.

मी उठले नाही. कोणी उठवलंही नाही. मग मीच प्रिन्सिपल मॅडमना फोन लावला आणि सांगितलं, दामिनी पळणार नाही. त्या ओरडायला लागल्या. मी म्हटलं, ओरडा. मी फोन कानाला लावून ऐकत राहिले, सगळं ऐकलं.

३१ जानेवारी

दोन्ही नळ्यांत चीर. डाव्या पायाची एक्स-रेमध्ये केसाएवढी बारीक दिसते, उजव्याची सुरुवात आहे. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवसांपासून दुखत होतं?" दामिनीने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, नोव्हेंबर संपतानापासून. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी ते पुन्हा उचललं आणि लिहीत राहिले. पळली असती तर मोडलं असतं, एवढंच म्हणाले.

माझी चिडचिड होतेय. कोणी काही बोलतच नाही. कमलेश बोलत नाही, बर्फ आणतो. बाबांना मी भिंतीवरून बघणाऱ्या बायकांसमोर लाज काढून बोलले होते. ते मला एकट्यातही काही बोलले नाहीत. आज तर म्हणाले, "जेवली का वं तू?" मला त्यांचा इतका राग आला की मी ताट बाजूला सारलं. बोला ना. माझंही काढा आज्यापासून सगळं. मी उत्तर देणार नाही.

२ फेब्रुवारी

दामिनीला काही दिवस आबांकडेच ठेवलंय, तिची तीच मागणी होती. अंगणात वाळूवर खुर्ची टाकून बसते, चिमणी मोकळी फिरते आणि येऊन तिच्या केसांत नाक घालते. बाबांनी दुसरा टब आणलाय, लहान. दोघींचे पाय दोन टबांत.

संध्याकाळी मी आधी चिमणीच्या नळ्या बघितल्या. थंड. मग दामिनीसमोर बसले आणि तिच्या नळीवर हात ठेवला, अगदी हलका. तिने या वेळी पाय ओढला नाही. नुसती बघत होती, माझा हात कसा फिरतो ते.

मग म्हणाली, "मम्मी, एक बात पूछूं? गुस्सा नको करू."

मी म्हटलं, विचार.

"चिमणी तर बोलत पण नाही. तिला दुखते ते तुला हात लावताच समजलं." तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच विचारायचं होतं. "मी तर रोज सांगत होते ना?"